पहिली घागर पाहणाऱ्याच्या घरी

आमच्या घरी दुपारच्या वेळी कुणी मोठ्याने बोलत नसे, कारण त्या वेळी बाबा जमिनीखाली गेलेले असत. जेवण झालं की ते ओसरीवर घोंगडी टाकून मांडी घालून बसत, दोन्ही हात गुडघ्यांवर उपडे ठेवत आणि डोळे मिटत. माय चुलीतली लाकडं मागे ओढायची, तापलेल्या तव्यावर पाण्याचा शिपका मारायची, त्याचा चर्र आवाज व्हायचा आणि मग तोही थांबायचा. लांबून शेजारच्या किसनरावांच्या मळ्यातलं इंजिन तेवढं ऐकू यायचं, भक-भक, भक-भक. ते इंजिन ज्या विहिरीवर होतं ती विहीर बाबांनीच पाहून दिलेली होती. त्यामुळे मला लहानपणी वाटायचं की बाबा डोळे मिटून बसतात म्हणूनच ते इंजिन चालतं. त्यांनी डोळे उघडले तर बंद पडेल.

आमचं गाव देऊळघाटाच्या पलीकडे, लहानसं. चार एकर कोरडवाहू, दोन बैल, एक शेळी आणि पऱ्हाटीचं, म्हणजे वाळल्या कपाशीच्या काड्यांचं, कुंपण घातलेलं दोन खणांचं घर. बाबा पाणी पाहायचे. कुणाला विहीर खणायची असली की बाबांना बोलावणं यायचं. कडुलिंबाची ताजी बेचकी दोन्ही मुठींत धरून ते वावरातून अनवाणी चालायचे. बेचकी खाली वळली की तिथे उभे राहून डोळे मिटायचे, आणि बराच वेळ तसेच राहायचे. बेचकी लोकांसाठी असते, मला ते म्हणायचे, खरं काम डोळे मिटल्यावर आहे. पैसे ते घेत नसत. एक नारळ, आणि विहिरीला पाणी लागलं की पाण्याची पहिली घागर. हा आमच्याकडचा रिवाजच होता. विहिरीच्या मालकाच्या घरच्या बाया नव्या विहिरीचं पहिलं पाणी हळदकुंकू लावलेल्या घागरीत भरून पाहणाऱ्याच्या घरी आणत, मग स्वतःच्या घरी नेत. माय ती घागर उंबऱ्यावर उतरवून घ्यायची आणि त्या पाण्यात कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ भिजवायची. त्या दिवशीच्या भाकरीला वेगळी चव असते असं आम्ही सगळे मानायचो. बाबा मात्र आधी एक घोट नुसता घ्यायचे, तोंडात घोळवायचे आणि म्हणायचे, "खडकातलं आहे. टिकन."

मी पायाळू, म्हणजे जन्माला येताना माझे पाय आधी आले. पायाळू माणसाला जमिनीखालचं दिसतं असं आमच्याकडे मानतात. मला काही दिसत नव्हतं. मला माणसांची भीती वाटायची एवढंच मला माहीत होतं. चौथी झाली, पाचवीसाठी देऊळघाटाला जावं लागणार होतं, मायने पाठवलं नाही आणि मी रडले नाही, उलट सुटका झाली असं वाटलं. वर्गात गुरुजींनी नाव घेतलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. आजही कुणी पाहुणा आला की मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत निघून जाते. ही वहीसुद्धा मी तांदळाच्या डब्यामागे ठेवते, नात विचारते तेव्हा हिशेबाची आहे म्हणून सांगते.

शाळा सोडून दोन-तीन वर्षं झाली होती, मी बारा-तेरा वर्षांची असेन, एका दुपारी बाबांनी मला घोंगडीवर शेजारी बसवलं.

"डोये मीट. फळीवर तांब्या आहे. दिसून राह्यला का?"

"हाव."

"कसा आहे?"

"पितळेचा."

"ते त मलेही ठाव आहे. त्याचा पोचा कोन्या अंगानं आहे?"

मी डोळे उघडून फळीकडे पाहिलं. बाबा हसले. "रोज त्याच तांब्यानं पानी पेते अन् त्याचा पोचा ठाव नाई. मीट डोये."

महिनाभर आम्ही त्या तांब्यापाशीच होतो. त्याचा पोचा, त्याच्या गळ्याशी बसलेली चिंचेच्या घासणीची रेघ, तळाला लागलेली राख. मग सगळी फळी. मग आख्खं घर, पण घरात मी नाही असं. मी नसताना माय कशी वाकते, शेळी कुठे तोंड घालते, ऊन कोणत्या वेळी उंबरा ओलांडतं. शेवटी बाबांनी मला जमिनीखाली नेलं. "आता घोंगडीखालची माती पाहा. मंग तिच्याखालचा मुरूम. घाई करू नको. डोये मिटले का आधी अंधार येते, त्याले येऊ दे, त्याले हाकलू नको." मला ते सगळं फार आवडू लागलं. उघड्या डोळ्यांनी जग पाहायचं तर जगही माझ्याकडे पाहायचं. मिटल्या डोळ्यांनी पाहताना माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं.

माय मात्र चिडवायची. "बापलेक डोये मिटून बसतात अन् उघड्या डोयाची मीच एक घरात. एवढं दिसते त माह्या विळ्याचं पाहा, परवापासून सापडून नाई राह्यला."

बाबांनी शिकवलेल्या दोन गोष्टी मी इथे नीट लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे. पहिली ही की दिसणं दोन तऱ्हेचं असतं, एक आलेलं आणि एक बनवलेलं. मी विचारलं, "वळखायचं कसं?" ते म्हणाले, "बनवलेल्यात सारं आपल्या मनासारखं असते. आलेल्यात एखादी अशी गोष्ट निघते का आपून ते तिथं ठेवलीच नसती." दुसरी गोष्ट सांगताना त्यांचा आवाज खाली आला होता. "दिसलं ते सांगाव. नाई दिसलं त नाई म्हनाव. पन एक जानून दुसरं सांगितलं, त मंग जे दाखवनारं आहे ते तोंड फिरवते. पुन्हा येत नाई." ज्यांनी बाबांना शिकवलं त्या त्यांच्या चुलत्याचं तसंच झालं होतं म्हणे. भांडणापायी एकाला मुद्दाम कोरड्या खडकावर विहीर दाखवली, आणि पुढे त्यांना आपल्या हाताखालचं पाणी दिसेना.

वर्ष दीड वर्ष गेलं असेल. गावातल्या नामदेवची कालवड दोन दिवस सापडत नव्हती. तो बाबांना विचारायला आला, बाबा घरी नव्हते. "मंग तूच पाहा व पायाळू," तो थट्टेने म्हणाला. मी लाजून खांबाआड गेले, पण डोळे सवयीने मिटले. लाल माती दिसली आणि तिच्यात आडवं पडलेलं गाडीचं मोडकं चाक. मी तेवढंच सांगितलं. कालवड मुरुमाच्या खाणीत सापडली, पाय मुरगळून पडली होती, आणि शेजारी कुणी कधीकाळी टाकून दिलेलं चाक होतं. ते चाक मी आधी कधी पाहिलं होतं का? बोरं वेचायला आम्ही त्या बाजूला जायचो. पाहिलं असेलही. मी आज त्यावर भांडत नाही. पण गाव तेव्हापासून मला ओळखायला लागलं, आणि मी घरातून निघेनाशी झाले.

आमच्या कुंपणाच्या मागे किसनरावांचं घर होतं, चुनेगच्ची, पुढे जीप उभी असलेलं. त्यांची धाकटी सून सुमी माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी. तिला आई नव्हती, मामाने वाढवलं होतं, तिकडे जळगाव जामोदला, सातपुड्याच्या पायथ्याशी. कुंपणाच्या पऱ्हाट्यांत एका जागी हात जाईल एवढं भोक होतं. त्यातून ती मला कैरी द्यायची, मी तिला भाजलेल्या शेंगा. साऱ्या गावात मी मोकळी बोलायची ती एकटी सुमीशी, कदाचित मध्ये कुंपण होतं म्हणून. ती मामाकडच्या गोष्टी सांगायची. "सकाळी उठलं का समोर डोंगर. निळाशार. हात लांबवला त लागन असा." तो डोंगर मी तिच्या शब्दांवरून इतक्या वेळा मिटल्या डोळ्यांपुढे आणला होता की आपण तिथे जाऊन आलो असं मला वाटायचं.

एक दिवस कैरी देताना तिचं मनगट दिसलं. मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "तवा लागला व." मीही रोज भाकरी टाकत होते. तव्याचा चटका कुठे बसतो हे मला माहीत होतं. तवा माणसाच्या मनगटावर चार बोटांच्या खुणा उमटवत नाही. मी शेंगा तिच्या हातात ठेवल्या. मग ते भोक तिच्या नवऱ्याने काटे खुपसून बुजवलं, आणि कुंपणापलीकडून मला तिचं फक्त भांडी घासणं ऐकू यायचं. कधी फार जोरात घासायची, कधी मध्येच थांबायची. ती थांबली की मी श्वास धरून बसायचे.

वैशाखातली सकाळ होती. माय शेणाने ओसरी सारवत होती. किसनराव, त्यांचा धाकटा मुलगा आणि दोन गडी आमच्या अंगणात आले. सुमी पहाटेपासून घरात नव्हती. बाई घरातून गेली की आमच्याकडे आधी विहिरीत गळ टाकतात. ते करून झालं होतं, गड्यांचे पंचे ओले होते. बाबांनी घोंगडी टाकली, पण किसनराव बसले नाहीत.

"मामाकडं पळाली असन," ते म्हणाले. "जीप काढलीच आहे. वाटंत यष्टीची मोटार गाठली त तिथंच उतरवतो. पन एक डाव पाहून सांगा, तिकडंच गेली का दुसरीकडं. जीप एकच आहे."

"मले पानी दिसते, किसनराव. मानसं नाई दिसत."

"तुमाले नाई म्हनत. पोरीले म्हनतो. नामदेवची कालवड पाह्यली ना तिनं? मंग आमची सून पाहाले काय झालं?"

"लेकरू आहे ते."

तेव्हा सुमीचा नवरा पुढे आला. "सांगू नका मंग. पन कुंपनाले भोक कोन्या घराकडून होतं ते साऱ्या गावाले ठाव आहे. उद्या आमी म्हनलं का तुमीच फूस लावली, त काय करसान?"

माय शेणाचे हात तसेच घेऊन उठली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात आग्रह नव्हता, मी नाही म्हणून मान हलवली असती तर त्यांनी चौघांना परत पाठवलं असतं आणि पुढचं भोगलं असतं. मला ते कळलं म्हणूनच मी ओल्या ओसरीच्या कडेला जाऊन बसले आणि डोळे मिटले.

मी आधी पाणी पाहिलं, भीतभीतच. पाण्यात कुणी नव्हतं. मग मला सुमी दिसली. मोटारीच्या खिडकीशी बसलेली, अंगावर नवं लुगडं, वाऱ्याने पदर उडतो आहे, ती हसते आहे आणि समोर तो निळाशार डोंगर. तांब्या दिसावा इतकं स्वच्छ दिसलं. माझ्या अंगातलं भय उतरलं आणि लगेच दुसरं चढलं. ती अजून वाटेत होती. मी खरं बोलले तर ही जीप तासाभरात त्या मोटारीला गाठणार होती. आज दिवसभर यांना दुसरीकडे पाठवलं तर सुमी मामाच्या दारात पोचणार होती.

"तिकडंच का?" किसनरावांनी विचारलं.

"नाई," मी म्हणाले. "तिकडं नाई."

"मंग कुठं?"

"उंद्री."

उंद्रीत आमचं कुणी नव्हतं. मी ते गाव पाहिलेलं नव्हतं, नाव फक्त कानावरून गेलेलं. दुसऱ्या कोणत्याही गावाचं नाव घेता आलं असतं.

"उंद्रीले कोन आहे तिचं?" नवरा म्हणाला.

माझी जीभ टाळूला चिकटत होती आणि तरी बोलत होती. "स्टँडवर बसली आहे. मांडीवर पत्ताकोबी आहे."

नवरा मोठ्याने हसला. "पत्ताकोबी! भाजी कराले गेली काय उंद्रीले?"

"हासू नको बे," किसनराव म्हणाले. "कालवडीच्या वक्ती हिनं चाक सांगितलं होतं, तेव्हाही लोक हासले." मग ते बाबांकडे वळले. "तुमी चला संग. खोटं निघालं त तुमच्या तोंडापुढं निघू द्या."

बाबांनी टोपी घातली, पायात वहाणा सरकवल्या आणि जीपमध्ये मागे बसले. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

तो दिवस मी कसा काढला हे लिहायला शब्द नाहीत. मी मायला सगळं सांगून टाकलं, की मला मोटार दिसली होती आणि मी जाणून खोटं बोलले. माय अंबाडीची पानं खुडत होती. तिने रागवायला हवं होतं, पण ती खुडत राहिली.

"मंग आज बाबा उपाशी येतीन," ती शेवटी म्हणाली. "दोन भाकरी जास्ती टाकून ठेवतो म्हनलं असतं, पन बोलनंही खावं लागन त्याहिले, भूक कुठची राह्यते." मग थोड्या वेळाने, "अन् पत्ताकोबी काऊन म्हनली व? या उन्हात कुठं भेटते पत्ताकोबी?"

"तोंडातून निघालं."

"मेथी म्हनली असती. पटलं तरी असतं."

आम्ही दोघी हसलो. मळ्यातलं इंजिन दिवसभर चालू होतं. त्या वर्षी किसनरावांनी संत्र्याची नवी बाग लावली होती आणि पाणी तळाला गेलं होतं. त्या दिवसांत इंजिन जरा थांबलं की, विहीर आटली की काय म्हणून, त्यांच्या घरातली माणसं अंगणात येऊन उभी राहायची.

दिवेलागणीला जीप आली आणि आमच्याच दारात थांबली. आधी बाबा उतरले. मग त्यांनी हात दिला आणि सुमी उतरली. जुनंच लुगडं, धुळीने भरलेलं. काखेत पत्ताकोबी.

मी खांबाला धरलं. मला आनंद झाला नाही, नवल वाटलं नाही. माझ्या मनात एवढंच आलं की मी तिला धरून दिलं. मी तिला वाचवायला खोटं बोलले आणि ते खोटं तिच्यापर्यंत जाऊन पोचलं.

नवरा तिचा दंड धरायला पुढे आला तेव्हा बाबा मध्ये उभे राहिले. बाबा ठेंगणे होते, तो त्यांच्याहून हातभर उंच. बाबा त्याच्याशी बोललेच नाहीत. ते जीपमध्ये बसलेल्या किसनरावांशी बोलले, दुपारी घोंगडीवर माझ्याशी बोलत त्याच आवाजात.

"किसनराव, तुमच्या विहिरीले पानी लागलं, तेव्हा पहिली घागर कोनाच्या घरी आली होती?"

"तुमच्या."

"काऊन?"

"रिवाज आहे. पाह्यनाऱ्याच्या घरी येते."

"मंग हेही पाहून आनलं आहे. हेही आधी इथंच येईन. पाच दिवस पाह्यनाऱ्याचा उंबरा सोडता येत नाई. सोडला, त या घरानं आधी जे जे पाहून देल्लं ते आटते."

इंजिनाचा आवाज येत होता.

"पाच दिवस?" किसनराव म्हणाले. "हे मी कधी आयकलं नाई."

"मानूस कधी पाह्यलं नव्हतं. म्हनून आयकलं नाई."

"बा, हे काय नवीन काढून राह्यला हा म्हातारा," नवरा म्हणाला. "चल व."

"चूप बस बे," किसनराव म्हणाले. त्यांचं तोंड मळ्याकडे होतं. "तुह्यापेक्षा ते इंजिन जास्ती कामाचं आहे मले. पाच दिवस त पाच दिवस."

असा काही नियम नव्हता. मी बाबांजवळ बसून सगळे नियम शिकले होते, मला ठाऊक होतं. मायलाही ठाऊक होतं. ती पुढे झाली आणि घागर उतरवून घ्यावी तशी तिने सुमीच्या काखेतली पत्ताकोबी उंबऱ्यावर उतरवून घेतली.

रात्रीच्या जेवणाला मायने त्याच कोबीत हरभऱ्याची डाळ घालून भाजी केली. सुमीने तीन भाकरी खाल्ल्या आणि मग बोलायला लागली. पहाटे फाट्यावर जी मोटार आधी आली तीत ती न विचारता बसली होती. पैसे संपले तिथे उंद्री आलं. स्टँडवर दोन माणसं तिच्याभोवती घोटाळायला लागली, तेव्हा भाजी विकणाऱ्या एका म्हातारीने तिला आपल्याजवळ बसवलं आणि तिच्या मांडीवर एक पत्ताकोबी ठेवली. "धरून बैस, माही सून समजतीन," म्हणाली. तिसऱ्या प्रहरी म्हातारीची भाजी संपली, कोबी तुलाच राहू दे म्हणाली आणि घरी गेली. जीप वाटेतला एकेक स्टँड पाहत येत होती, तोवर पोचली नव्हती.

"स्टँडच्या मागं विहीर आहे," सुमी खाली पाहत म्हणाली. "म्हातारी गेली तशी मी तिकडंच पाहून राह्यली होती. उठलीच होती. त जीप आली, अन् तुह्या बाबाहिनं हाक मारली, सुमे, म्हने, आमच्या वच्छीनं तुले पाह्यलं." तिने माझा हात धरला. "तू पाह्यलं म्हनून व."

मी मान खाली घातली. तिला वाटलं मी लाजले.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या मामाला पोस्टकार्ड लिहिलं. चौथीनंतर मी पहिल्यांदा काही लिहीत होते. सुमी सांगत होती आणि मी पेन्सिलीने एकेक अक्षर दाबून काढत होते. बाबांनी ते स्वतः देऊळघाटाला नेऊन पेटीत टाकलं. पाचव्या दिवशी दुपारी मामा आला, सोबत त्यांच्या भावकीतले दोन वडीलधारे. आमच्याच अंगणात बैठक झाली. आवाज चढले, उतरले. मायने तीनदा चहा केला. संध्याकाळच्या आत सुमी मामाबरोबर निघाली, आणि पुन्हा त्या घरी आली नाही. ती जळगाव जामोदलाच राहिली, मामाच्या बागेत राबली, पुढे स्वतःची दोन एकर केली. अजून तिचा फोन येतो. "काय दिसून राह्यलं व आज?" असंच सुरू करते. मी तिच्याकडे एकदा गेले होते. सातपुडा पाहिला. उन्हाळा होता, डोंगर मातकट होता, आणि हात लांबवला तर लागेल असा तर मुळीच नव्हता.

ती गेल्यावर महिन्याभराने एका गावाहून बाबांना विहिरीसाठी बोलावणं आलं. बाबांनी त्या माणसाला गूळपाणी दिलं आणि म्हणाले, "आता माह्याच्यानं होत नाई." मला वाटलं उन्हामुळे म्हणत असतील. मग दुसरं बोलावणं आलं, तिसरं आलं. कडुलिंबाची बेचकी मायने दोडक्याच्या वेलाला टेकू म्हणून लावून टाकली आणि बाबा तिला काही बोलले नाहीत. तेव्हा माझ्या लक्षात आलं. चाळीस विहिरी पाहिलेला माणूस, गावोगावच्या भाकरीत ज्याच्या पाण्याची चव होती तो, आता चार एकरांत नुसतं तण काढत होता.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. "बाबा, खरंच नाई दिसत आता?"

"पाह्यलंच नाई, त काय सांगू."

"पाच दिवसाचं तुमाले कोनी सांगितलं होतं?"

"कोनी नाई."

"पन खोटं त आधी मी बोलली." मी त्यांना सगळं सांगितलं, मोटार, नवं लुगडं, डोंगर. "मले तिकडं दिसली, अन् मी जानून उंद्री म्हनली. माह्यंच जायाले पाह्यजे होतं."

बाबांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं. "मोटारीतली सुमी कशी होती?"

"हासून राह्यली होती."

"नवरा मारते, मानूस पहाटे घरातून पयते, अन् नव्या लुगड्यात हासते?" ते माझ्याकडे पाहत राहिले. "ते तू बनवलं, पोरी. तुह्या मनासारखं. अन् उंद्री?"

"ते खोटं बोलाले..."

"पत्ताकोबी कोन बनवन व, वच्छे?"

त्याचं उत्तर मला आजही ठाऊक नाही. कधी वाटतं योगायोग होता, कधी वाटतं कुणाच्या तोंडून कधीतरी उंद्रीच्या बाजाराचं काही ऐकलं असेन. पण बाबांच्या मनात शंका नव्हती. त्यांनी खुरपं पुन्हा उचललं.

"तुह्यं गेलं नाई," ते म्हणाले. "गेलं असन त माह्यं."

त्या दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी नेहमीसारखी घोंगडी टाकली आणि मला हाक मारली. मी बसले, डोळे मिटले. माती, मुरूम, काळा खडक, आणि खाली कुठेतरी गारवा. ते हळूहळू विचारत होते, मी सांगत होते. मायने तव्यावर पाणी मारलं. मध्येच मला त्यांचा श्वास फार जवळ वाटला, म्हणून मी पापणी किंचित वर करून पाहिलं. हात गुडघ्यांवर उपडे ठेवून ते मांडी घालून बसले होते, आणि त्यांचे डोळे सताड उघडे होते.